पाण्यातून उचललेला नारळ

उत्तमचा आवाज मोठा होता आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, कापडाचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीत तो बॉयलरवर होता. तिथे शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागतं. चहा हवा का, हेसुद्धा ओरडून विचारतात. पाळी सुटली तरी तो आवाज घशातून लवकर उतरत नसे. घरी येताना तो जिन्यातूनच "रसिका, दार उघड" म्हणायचा, आणि खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं, काहीतरी झालं. मग आतून त्याच्या मुलीचा, ऐश्वर्याचा, आवाज यायचा. "पप्पा, हळू बोला ना."

ऐश्वर्या आठवीत होती. आधी हे वाक्य ती हसत म्हणायची. मग हसणं गेलं आणि वाक्य तेवढं उरलं. उत्तमच्या नखांच्या कडांना निळा-जांभळा रंग बसलेला होता. लिंबू चोळलं, रॉकेल लावलं, तरी तो जात नसे. शाळेतल्या पालकसभेचा निरोप आला की ऐश्वर्या स्वयंपाकघरात जाऊन आईला हळूच सांगायची, "तूच ये." उत्तमला ते बाहेर ऐकू यायचं. त्याला राग येत नसे. उलट तिचं पटायचं. चारचौघांत उभं राहताना तो स्वतःच हात खिशात घालायला शिकला होता.

तसा एका गोष्टीत तो कधीकाळी सगळ्यांच्या पुढे होता. त्याचं बालपण कळव्याला खाडीकाठी गेलं. वडील मिठागरावर राबायचे. खाडी तेव्हा आजच्याइतकी काळी नव्हती, आणि नारळी पौर्णिमेला तिच्या काठावर माणसांची रीघ लागायची. लोक पूजा करून नारळ पाण्यात सोडत. छातीभर पाण्यात गावातली पोरं उभी असायची. नारळ पाण्याला लागतो न लागतो तोच त्यावर झडप पडायची. नारळ सोडणारे रागवत नसत, हसत. ते असंच असतं, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. उत्तम सगळ्यांच्या पुढे पोहायचा. त्याची आई कलावती ओट्यावर नारळांचा ढीग मांडायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची, "आमच्या उत्तमनं आनले." वर्षातून एक दिवस त्या घरात नारळीभाताला खोबरं कमी पडत नसे.

त्यानंतर आयुष्यात कुणी त्याच्याकडे बोट दाखवून, याने आणले, असं म्हटलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत रिसॉर्टला जायची कल्पना सुधीरची. सुधीर म्हणजे उत्तमचा साडू, रसिकाच्या थोरल्या बहिणीचा, प्रमोदिनीचा नवरा. बँकेत अधिकारी, ठाण्यात घोडबंदर रोडला फ्लॅट, बोलणं शांत. मुरबाडच्या पुढे धरणाचा फुगवटा आहे, त्या पाण्याला लागून एक रिसॉर्ट झालंय, दोन्ही कुटुंबं मिळून जाऊ, असं त्याने फोनवर सांगितलं. उत्तम नेहमीप्रमाणे ड्युटीचं कारण काढणार होता. तेवढ्यात ऐश्वर्या म्हणाली, "पप्पांना सुट्टी नसेल तर आपण तिघं जाऊ ना." तिघं म्हणजे ती, आई आणि धाकटा विनीत. ती हे इतक्या सहज म्हणाली, जणू मनात ते केव्हाच ठरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी उत्तमने सुपरवायझरकडे रजेचा अर्ज दिला.

रिसॉर्ट चांगलं होतं. लाल कौलांच्या खोल्या, समोर हिरवळ, मधोमध तरणतलाव आणि मागच्या बाजूला उतारावरून खाली गेलं की धरणाचं पाणी. पाणी टेकड्यांच्या कुशीत दूरवर शिरलं होतं. बुडालेल्या झाडांचे शेंडे मधूनमधून वर आले होते, काळे, पानांवाचून. काठाशी पॅडल मारायच्या बोटी पालथ्या घातल्या होत्या. "बोटिंग बंद आहे आज. मेंटेनन्स," मॅनेजर म्हणाला होता. पोरं थोडा वेळ हिरमुसली आणि तलावाकडे पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमही तलावात उतरला. कमरेएवढ्या पाण्यात गेला असेल नसेल, गार्डने शिट्टी फुंकली.

"ओ काका, बाहेर या. कॉटन चालत नाय. नायलॉन पायजे."

उत्तम सुती हाफपँटवर होता. तो तिथूनच म्हणाला, "मग आधी सांगायचं ना." बॉयलरच्या आवाजात म्हणाला. सगळा तलाव वळून बघायला लागला. तो शिडी चढून वर आला तेव्हा त्याच्या दोन्ही खिशांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. सुधीरच्या मुलीने, उर्वीने, तोंडावर हात ठेवला. ऐश्वर्या तिच्या शेजारी उभी होती. तिने एकदा बापाकडे पाहिलं आणि पाण्यात बुडी मारली. ती बराच वेळ वर आली नाही. श्वास रोखून ती आत थांबली होती, बाप दिसेनासा होईपर्यंत.

नाश्त्यानंतर सगळे मागच्या उतारावर झाडाखाली खुर्च्या टाकून बसले. समोरच्या काठावर, लांब, काही माणसं ओळीने बसलेली दिसत होती.

"पिकनिकवाले असतील," प्रमोदिनी म्हणाली.

"पप्पा, तो बघा बॉल," विनीत पाण्याकडे बोट करून म्हणाला.

उत्तमने डोळ्यांवर हात धरला. "बॉल नाय रे. नारळ आहे."

"कुणीतरी सोडलेला असेल," रसिका म्हणाली. "असू दे."

"अगं, सोडलेला नारळ पोरांसाठीच असतो. आमच्या खाडीवर विचार कुणालाही."

"उत्तमराव, तो बोर्ड वाचलात का?" सुधीरने हसत विचारलं. पाण्यात उतरू नये, असा बोर्ड पायऱ्यांपाशीच होता.

"तो तुमच्यासारख्यांना, साडूभाऊ. पवता न येणाऱ्यांना."

सुधीर हसला. रसिकाही हसली. ऐश्वर्या मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "पप्पा, प्लीज. सगळे बघतायत."

बघत कुणीच नव्हतं. म्हणजे हे ती सकाळचं म्हणत होती. उत्तमने बनियन काढून खुर्चीवर टाकली आणि तो पायऱ्या उतरला.

पाणी गार होतं. पोहून वर्षं झाली होती, पण अंगाला सगळं आठवत होतं. हात आपोआप पडू लागले. पाण्यात त्याला आवाज नव्हता, नखं नव्हती, हाफपँटही नव्हती. मधूनच तो मान वळवून काठाकडे बघत होता. एकदा पाहिलं तेव्हा ऐश्वर्या बसलेली होती. पुन्हा पाहिलं तेव्हा ती उभी होती. नंतर तो पुन्हा पुन्हा मागेच बघत राहिला.

नारळ एका बुडालेल्या झाडाच्या शेंड्याजवळ होता. वारा होता, बारीक लाटा रिसॉर्टच्या बाजूला चालल्या होत्या, पण नारळ जागच्या जागी हळूहळू फिरत होता. फांदीत अडकला असेल, असं त्याला वाटलं. तो अडकलेला नव्हता. हात लावताच सुटा हातात आला. हळद-कुंकू लागलेलं होतं आणि शेंडीशी कापडाची पट्टी बांधलेली होती.

तेवढ्यात समोरच्या काठावरची माणसं उठून उभी राहिली. ती दोन्ही हात वर करून हलवत होती, काहीतरी ओरडत होती. अंतर बरंच होतं आणि कानांत पाणी गेलेलं, शब्द कळत नव्हते. गावची माणसं, उत्तमच्या मनात आलं, पोहणाऱ्याची कदर असते यांना. त्याने नारळ उंच धरला आणि त्यांच्याकडे बघून हात हलवला.

काठावर आला तेव्हा ऐश्वर्या पायऱ्यांच्या शेवटच्या टोकाशी मोबाइल धरून उभी होती. "पप्पा, एकदा परत वर करा ना नारळ. मघाचं नीट नाही आलं." त्याने वर केला. "हसा की जरा." तो हसला. उर्वी म्हणाली, "काका, कसले भारी पोहता तुम्ही."

नारळ फोडायला त्याने पट्टी सोडली. नारळाला बांधतात ते लाल कापड नव्हतं ते. निळ्या चौकड्यांच्या जुन्या शर्टाची फाडलेली पट्टी होती आणि तिच्या एका टोकाला गुंडीचं काजं होतं. त्या काजावर त्याचा अंगठा थांबला. देवाला कुणी जुना शर्ट कशाला देईल, असं त्याच्या मनात आलं. नक्की आलं. पुढे अनेकदा त्याने स्वतःला विचारून बघितलं, आणि दर वेळी उत्तर हेच आलं. त्या वेळी ऐश्वर्या म्हणाली, "पप्पा, इकडे बघा," आणि त्याने तिकडे बघितलं. विनीत पट्टीसाठी हात पुढे करून उभा होता, तर ती त्याच्या मनगटाला बांधून टाकली.

पायरीवर आपटून त्याने नारळ फोडला. पाणी पोरांना पाजलं. खोबऱ्याचे तुकडे करून एकेकाच्या हातावर ठेवले. ऐश्वर्याने हात पुढे केला नाही, तोंडच उघडलं. त्या निळ्या-जांभळ्या नखांच्या बोटांनी त्याने तिला खोबरं भरवलं, उर्वीच्या समोर. मग तिने तो व्हिडिओ स्टेटसला टाकला आणि खाली लिहिलं, माझे पप्पा. रसिकाने ते वाचून नवऱ्याला दाखवलं. ओले केस पुसायच्या निमित्ताने त्याने टॉवेल बराच वेळ तोंडावर धरून ठेवला.

जेवताना तो खाडीच्या गोष्टी सांगत राहिला. भरतीच्या, मिठाच्या ढिगांच्या, एकदा साप पकडला होता त्याच्या. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघत होती इतक्या मोठ्याने तो बोलत होता. पण हळू बोला असं त्याला कुणी म्हटलं नाही. ऐश्वर्या म्हणाली, "मग पुढे?"

जेवून सगळे खोलीपुढच्या ओसरीवर बसले होते. विनीत मागे झोपाळ्यावर होता. मॅनेजर हिरवळ ओलांडून आला. त्याच्या मागे दोन माणसं होती. एक म्हातारा, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, चपला हातात. दुसरा तरणा, तो लांबच उभा राहिला.

"सॉरी हं, सर," मॅनेजर सुधीरला म्हणाला. इथे कुणाशी बोलायचं ते त्याने कपड्यांवरून ठरवलं असावं. "ह्यांना विचारायचंय काहीतरी. मी सांगितलं, आमचे गेस्ट पाण्यात जात नाहीत. ऐकत नाहीत."

म्हाताऱ्याने चपला खाली ठेवल्या. हात जोडले. "मी धोंडीबा. पलीकडच्या वाडीतला. माझा साईनाथ परवा जाळं काढाया गेला, तो आलाच नाय. तराफा मिळाला, तो नाय मिळाला." मग एखाद्या कामाची माहिती द्यावी तसं सांगू लागला. "आमच्यात नारळ सोडत्यात. आईच्या हातानं सोडायचा, त्याचं कापड बांधून. जिथं थांबंल तिथं खाली तो असतोय, तिथं गळ टाकायचा. सकाळपासून बसलो होतो. थांबला व्हता. मग कुनीतरी उचलला. हिकडच्या अंगाला घेऊन गेलं."

उत्तमच्या दाढेत खोबऱ्याचा कण अडकला होता. तो त्याच्या जिभेला लागला.

"आमी लई हाका मारल्या," म्हातारा म्हणाला. "हात केले. त्या मानसानंबी हात केला."

"नाही हो, बाबा," सुधीर म्हणाला. "आमच्यापैकी कुणी पाण्यात उतरलेलं नाही. तिथे बोर्डच आहे. दुसरं कुणी असेल."

हे तो बँकेतल्या आवाजात म्हणाला. सुधीर वाईट माणूस नव्हता. बायका-पोरं बरोबर होती, गाव परकं होतं, मागून माणसं येतील, पोलीस येतील, हे सगळं त्याच्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं होतं. साडू आपल्याला वाचवतोय, हे उत्तमला कळत होतं. आणि त्याने स्वतःला वाचवू दिलं. बॉयलरच्या घरघरीवर ज्याचा आवाज चढायचा तो माणूस मान खाली घालून आपल्या पायांच्या बोटांकडे बघत राहिला. ऐश्वर्या त्याच्याकडे बघत होती, हे त्याला वर न पाहताही समजलं. मोबाइल तिच्या मांडीवर पालथा पडलेला होता.

"बरं," धोंडीबा म्हणाला. त्याने चपला उचलल्या.

तेवढ्यात विनीत धावत आला. "पप्पा, झोपाळा अडकला," म्हणत त्याने बापाचा दंड धरून ओढला. त्याच्या मनगटावर निळ्या चौकड्यांची पट्टी होती. गाठ घट्ट बसली होती, उत्तमने दुहेरी मारलेली.

म्हातारा पोराच्या मनगटाकडे बघत राहिला. मग सावकाश खाली बसला, पोराच्या उंचीचा झाला.

"हे कुनी बांधलं रे बाळा?"

"पप्पांनी."

"मला देतोस?"

विनीतने बापाकडे बघितलं. उत्तमला मान हलवता येईना. तेव्हा विनीतने आपणच हात पुढे केला. म्हाताऱ्याची बोटं जाड होती, गाठ सुटायला वेळ लागला. गाठ सुटली. पट्टी त्याने घडी करून टोपीच्या आत ठेवली आणि टोपी पुन्हा डोक्यावर घातली. सुधीरकडे त्याने पाहिलंच नाही. उत्तमकडे बघून तो म्हणाला, "कुठं थांबला व्हता, तेवढं सांगा दादा. आम्हाला लांबून नीट दिसलं नाय. बाकी काय नाय."

शिव्या दिल्या असत्या तर त्या उत्तमला पेलल्या असत्या. कॉलर धरली असती तरी चाललं असतं.

"त्या झाडाजवळ," तो म्हणाला. आवाज इतका लहान आला की म्हाताऱ्याने कान पुढे केला. "त्या शेंड्याजवळ. जागेवर फिरत होता."

"झाडाच्या कुन्या अंगाला?"

"दाखवतो."

"अहो," रसिका म्हणाली.

तो पुन्हा त्याच पायऱ्या उतरला. आता पाणी सकाळपेक्षा गार लागलं. पलीकडून ट्रकच्या ट्यूबांवर फळ्या बांधलेला तराफा निघाला होता, त्यावर दोघे जण लोखंडी गळ आणि दोर घेऊन बसले होते. उत्तम झाडापाशी पोचला आणि पाय मारत जागेवर तरंगत राहिला. खाली पाणी काळं होतं. पायांना काहीतरी बुळबुळीत लागत होतं, शेवाळ असेल, फांदी असेल. पाय वर घ्यावेसे वाटत होते. त्याने घेतले नाहीत.

"हितंच?" तराफ्यावरच्याने विचारलं.

"इथंच."

"का जरा अलीकडं?"

उत्तमने झाडाकडे पाहिलं. नारळ शेंड्याच्या डावीकडे होता की उजवीकडे? त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं. सकाळचं सगळं त्याला लख्ख दिसत होतं. काठावर ऐश्वर्या बसलेली, मग उभी राहिलेली, मग तिने मोबाइल वर धरलेला, तिच्या मागे उर्वी, तिच्या मागे पांढऱ्या खुर्च्या. फक्त नारळाची जागा दिसत नव्हती. तो तिकडे बघतच नव्हता.

"अलीकडं असेल," तो म्हणाला. "किंवा इथंच."

त्या माणसाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि गळ सोडला. गळ खाली जाई, ओढत वर येई. कधी गवत येई, कधी कुजलेली फांदी. दर खेपेला दोर ताणला की उत्तमला वाटे, आता साईनाथ वर येणार. हेच व्हावं, असं त्याला वाटे, आणि हे माझ्यासमोर होऊ नये, असंही वाटे. उन्हं टेकडीआड गेली. त्याचे दात वाजायला लागले तेव्हा म्हातारा तराफ्यावरून आला. दुसऱ्या खेपेला तो स्वतः बसला होता.

"जा दादा आता. पोरं वाट बघत असतील."

"मी दुसरा नारळ आणतो," उत्तम म्हणाला. "आत्ता आणतो मुरबाडहून."

"त्याच्या आईनं सोडला व्हता," धोंडीबा म्हणाला. "ती परत नाय सोडायची. एकदा सोडला तर सोडला."

तो परतला तेव्हा पायरीवर ऐश्वर्या टॉवेल घेऊन उभी होती. तिने तो त्याच्या खांद्यांवर टाकला, कडा धरून पुढे ओढून घेतला. आईने सांगितलं असेल. तिच्या तोंडाकडे बघायचं त्याला धाडस झालं नाही.

मुक्काम अर्धवट टाकून ते निघाले. गाडीत सुधीर समजुतीने म्हणाला, "उत्तमराव, नारळ वाऱ्याने जातो, प्रवाहाने जातो. त्याला काय कळतंय? तुमच्यामुळे काहीही झालेलं नाही. मी खोटं बोललो ते घाबरून बोललो, सोडून द्या."

"हो," उत्तम म्हणाला. सुधीर म्हणत होता ते खरं होतं. नारळाला काही कळत नाही. पण ओसरीवर गप्प बसला तो नारळ नव्हता.

मुरबाड मागे पडायच्या आधीच ऐश्वर्याचं स्टेटस निघून गेलं होतं. रसिकाने पाहिलं, नवऱ्याला दाखवलं नाही. पण त्याने तिच्या खांद्यावरून पाहिलं.

काही दिवसांनी सकाळी चहाच्या वेळी ऐश्वर्या मोबाइलवरून वाचत म्हणाली, "मिळाला तो. धरणाच्या भिंतीजवळ."

"भिंतीजवळ?" रसिका पटकन म्हणाली. "म्हणजे झाडाजवळ नव्हताच मुळी." तिने हे नवऱ्यापुढे ठेवलं, गरम पोळी ताटात ठेवावी तसं. उत्तमने मान हलवली. नारळ तिथे थांबलेला नसेलही. अजून पुढे भिंतीकडे जायचा असेल, मध्येच उचलला गेला असेल. किंवा तो नुसताच नारळ असेल. आता हे कुणीच सांगू शकत नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढे मात्र काठावरची ती माणसं होती, दोन्ही हात हलवणारी, आणि पाण्यात त्यांना हात हलवून उत्तर देणारा, नारळ उंच धरलेला तो.

श्रावणात कलावतीचा फोन आला. "पोरांना घेऊन ये रं पुनवेला." तो फक्त विनीतला घेऊन कळव्याला गेला. ऐश्वर्याला क्लास होता. खाडीवर पूर्वीइतकी गर्दी नव्हती, पण पोरं होती, तशीच छातीभर पाण्यात. कुणीतरी नारळ सोडला आणि पोरांनी झडप घातली. विनीतने बापाचा हात घट्ट धरला.

"पप्पा, त्यांना सांगा ना. थांबलाय का चाललाय ते बघू दे आधी."

म्हातारी आजी हसली. "बघाचं काय त्यान? तुजा बापूस आख्खी पाटी भरून आनाचा." उत्तम तिला काही सांगू शकला नाही. त्या दिवशी तिने केलेला नारळीभात त्याने ताटात काही न टाकता संपवला. प्रत्येक घासाला दाढेत काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं.

आता तो पूर्वीसारखाच पाळीवरून येतो. जिन्यातून पूर्वीसारखंच "रसिका, दार उघड" म्हणतो. दार ऐश्वर्या उघडते. त्याच्या हातातला डबा घेते, बाजूला होते, पाणी आणून देते. परवा पालकसभेचा निरोप आला तेव्हा तिने तो दोघांच्या समोर ठेवला आणि म्हणाली, "कुणीही या." हळू बोला, असं ती आता म्हणत नाही. पोरगी समजूतदार झाली, असं रसिका बहिणीला फोनवर सांगते.

एका संध्याकाळी उत्तमने जिन्यात थांबून मुद्दाम मोठ्याने हाक मारली, बॉयलरवर मारतात तशी. खालच्या मजल्यावरचं एक दार उघडलं, कुणीतरी डोकावून गेलं. तो वाट बघत उभा राहिला. मग त्याचं दार उघडलं, आवाज न करता, आणि ऐश्वर्याने डब्यासाठी हात पुढे केला.